वांड पोराची पंधरा भावंडं

ताश्कंदच्या एका जुन्या मोहल्ल्यातली पोरं मिळून पुलाव रांधायचं ठरवतात. ज्यानं त्यानं घरून काहीतरी आणायचं. आपल्या अंगतपंगतीसारखाच बेत, फक्त इथे प्रत्येकाचा जिन्नस घरच्यांच्या नकळत यायचा आहे. एका पोराच्या वाट्याला लोणी येतं. तो कोठीत शिरतो, गोळा उचलतो, डोक्यावरच्या भरतकामाच्या टोपीखाली दडवतो आणि सटकायला बघतो. तेवढ्यात आई हाक मारते आणि त्याला चुलीपाशी बसवते. धग लागते. मग कपाळावरून, कानामागून लोणी ओघळायला लागतं. आईला कळायला वेळ लागत नाही. मार बसतो, पोरगा घरातून पळ काढतो, आणि पुढची सगळी गोष्ट त्या पळण्याची आहे.

लोणी चोरणारं पोर मराठी घराला नवं नाही. आपल्या किती गवळणी त्याच्याच तक्रारी घेऊन यशोदेच्या दारात उभ्या असतात! पण गोकुळातल्या त्या पोराला कुठूनही परत यायला एक दार होतं. उखळाला बांधणारी जी, तीच रात्री थोपटणारी. ताश्कंदचं पोर ज्या जगात पळतं, तिथे त्याला बांधून ठेवायलाही कुणाला सवड नाही. नातेवाइकांकडे जातं, तर तिथले हौसेनं पाळलेले पक्षी त्याच्या हातून मरतात, म्हणून तिथूनही पळतं. मित्राबरोबर खेडोपाडी भटकतं, मग मित्राची ताटातूट होते. मिळेल ते काम आणि मिळेल तो तुकडा.

गफूर गुलाम यांची ही कादंबरिका १९३६ सालची. नाव ‘शुम बोला’, म्हणजे वांड पोर. दामिर सालिमोव यांनी ‘उझबेकफिल्म’साठी त्याच नावानं तिचा चित्रपट केला, तो १९७७ साली. अब्दुराइम अब्दुवाहोबोव या मुलानं त्यात ते वांड पोर असं काही उभं केलं आहे, की पुस्तक नंतर वाचलं तरी डोळ्यांसमोर त्याचाच चेहरा येतो. उझबेक बालचित्रपटांचा विषय निघाला की तिथली माणसं आधी याचं नाव घेतात.

मी तो लॅपटॉपवर सबटायटलं लावून पाहिला. शेजारी दहा वर्षांचा भाचा होता. त्याची वाचायची गती सबटायटलांना पुरत नव्हती, आणि मी मध्ये मध्ये वाचून दाखवत होते. सारीबायच्या प्रसंगापर्यंत आलो आणि त्यानं मला हातानंच थांबवलं. त्याला आता मध्ये कुणी नको होतं.

तो प्रसंग सांगायलाच हवा. सारीबाय हा गावचा धनाढ्य जमीनदार; ‘बाय’ म्हणजे तिकडे धनी माणूस. हमझा उमरोव यांनी तो केला आहे. पोरगा त्याच्याकडे चाकरीला राहतो, पण आधीच एक गोष्ट मोकळेपणी सांगून टाकतो: मला एक खोड आहे, मी अधूनमधून खोटं बोलतो. बायला फुकटात राबणारे हात हवे असतात, त्यामुळे खोड चालवून घेतली जाते. पुढे एकदा बाय घरापासून लांब असताना हा पोरगा त्याच्याकडे निरोप घेऊन येतो. निरोप काय, तर मालक, तुमच्या चाकूची मूठ मोडली. एवढंच. मूठ कशी मोडली? कुत्र्याचं कातडं सोलताना. कुत्रा कशानं मेला? घोड्याचं मांस खाऊन. घोडा कसा मेला? आग विझवायला पाणी वाहून वाहून. आग कसली? आणि असं एकेक पाऊल टाकत पोरगा बायला त्याच्या उभ्या संसाराच्या राखेपर्यंत नेऊन पोहोचवतो. प्रत्येक उत्तर अदबीनं, विचारल्याशिवाय पुढचा शब्द नाही. सगळं अर्थात खोटं. पण खोड आधी सांगितलेली आहे, तक्रार कोणत्या तोंडानं करणार?

एका क्षुल्लक बातमीतून सर्वनाश उलगडत जाणारी ही गोष्ट जगात अनेक ठिकाणी सांगतात. गफूर गुलामांनी ती शोधली नाही, पण तिला जागा मात्र त्यांनी अचूक दिली. लोककथेत ती गंमत असते. इथे ती एका उपाशी पोराची मजुरी वसूल करण्याची रीत आहे. त्याच्याकडे बापाचं नाव नाही, पैसा नाही, अंगात ताकदही बेताचीच. आहे ती जीभ. मालकानं त्याचे हात फुकट घेतले, त्यानं मालकाची झोप फुकट घेतली. भाचा पोट धरून हसत होता. मी हसता हसता त्या पोराच्या चेहऱ्याकडे पाहत होते, कारण तिथे कुठेही ‘माझी दया करा’ असं लिहिलेलं नव्हतं. सिनेमा संपेपर्यंत ते एकदाही दिसत नाही.

अनाथ, बेवारस, भुकेलं मूल पडद्यावर आलं की आपण रडायच्या तयारीला लागतो. दिग्दर्शकही तेवढ्यासाठीच त्याला आणतो. उझबेक सिनेमातली ही मुलं मात्र कीव मागत नाहीत, आणि त्यांना घडवणारे लेखक-दिग्दर्शक कीव देत नाहीत. भाकरी देतात, काम देतात, प्रसंगी मार देतात, शेजारी बसायला जागा देतात. माझा या चित्रपटांवर जीव जडला तो यामुळे.

याचं मूळ मला गफूर गुलाम यांच्या आयुष्यात दिसतं. जन्म १९०३ सालचा, ताश्कंदचा. नऊ वर्षांचे असताना वडील गेले, पंधराव्या वर्षी आई गेली. पडेल ते काम केलं, छापखान्यात खिळे जुळवले, शिक्षक झाले. १९२३ साली, म्हणजे स्वतः वीस वर्षांचे असताना, ते एका अनाथाश्रमात मुलांना सांभाळायला होते. अनाथपण त्यांनी दोन्ही बाजूंनी पाहिलं, आधी पोर म्हणून, मग पोरांचा मोठा भाऊ म्हणून. असा माणूस लिहायला बसला की त्याला ठाऊक असतं, की बेवारस पोराला दिवसभर स्वतःच्या दुःखाकडे बघत बसायला वेळ नसतो. त्याला दुपारच्या जेवणाची सोय लावायची असते.

ते पुस्तक कोणत्या दिवसांत आलं, हेही विसरून चालणार नाही. स्टालिनच्या राजवटीत उझबेक लेखकांवर वरवंटा फिरायची वेळ जवळ आली होती. अब्दुल्ला कादिरी, चुल्पान आणि फितरत, आधुनिक उझबेक साहित्य ज्यांनी उभं केलं ते तिघं, ४ ऑक्टोबर १९३८ या एकाच दिवशी गोळ्या घालून मारले गेले. खिवा या जुन्या उझबेक शहरातल्या खुदायबेर्गन देवानोव यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात कॅमेरा हाती धरला होता. पहिले उझबेक छायाचित्रकार आणि चलच्चित्रकार ते. त्यांनाही १९४० साली ठार केलं. उझबेक भाषेतलं सगळ्यांत खळखळून हसणारं पुस्तक अशा काळात जन्मलं. त्यातला खलनायक क्रांतीपूर्व काळातला जमीनदार आहे, त्यामुळे वरच्यांना ते चालून गेलं असणार. पण जमीनदाराच्या नावानं जे पोर मोठ्यांच्या प्रत्येक सत्तेला चकवा देतं, त्याचा आनंद कोणत्याही सरकारच्या पोथीत मावणारा नाही.

मग युद्ध आलं. १९४१च्या उन्हाळ्यात जर्मन फौजा सोव्हिएत संघात घुसल्या आणि कारखाने, विद्यापीठं, स्टुडिओ, इस्पितळं, सगळं गाड्यांत घालून पूर्वेकडे हलवलं जाऊ लागलं. उझबेकिस्तानात सुमारे १० लाख माणसं आली, त्यांत २ लाखांच्या आसपास मुलं होती असं सांगतात. कित्येकांचे आईबाप वाटेत गेले होते, कित्येकांचे कुठल्या तरी स्टेशनावर हरवले होते. काही मुलं इतकी लहान, की स्वतःचं पूर्ण नावही सांगता येऊ नये. १९४२च्या सुरुवातीला ताश्कंदच्या बायकांनी साऱ्या उझबेक बायकांना साद घातली, की ही मुलं आपण घरी नेऊ या. रशियन मुलांचे लाडके कवी कोर्नेई चुकोव्हस्की तेव्हा निर्वासित म्हणून ताश्कंदमध्येच होते, आणि या मुलांच्या कामात त्यांनी स्वतःला जुंपून घेतलं होतं. त्यांचा धाकटा मुलगा बोरिस १९४१ साली युद्धात गेला होता. १९४२ साली त्यांनी ‘उझबेकिस्तान आणि मुलं’ ही पुस्तिका लिहिली. स्वतःचं मूल गमावलेला बाप हजारो परक्या मुलांची हकिकत लिहीत होता.

आणि त्याच १९४२ साली गफूर गुलामांनी कविता लिहिली, ‘सेन येतिम एमासान’. तू अनाथ नाहीस. ‘यतीम’ शब्द आपल्या कानाला ओळखीचा, त्यामुळे शीर्षक कळायला अडचण पडत नाही. वांड पोर आता चाळिशीला टेकलेलं होतं, आणि स्टेशनावर उतरणाऱ्या पोरांशी बोलत होतं.

शोअहमद शोमहमूदोव नावाचे एक लोहार ताश्कंदमध्ये राहत. त्यांना आणि त्यांच्या पत्नी बहरी अक्रमोवा यांना स्वतःचं मूल नव्हतं. या दोघांनी युद्धाच्या वर्षांत एकामागून एक १५ मुलं घरी आणली. रशियन, युक्रेनी, ज्यू, तातार, कझाक, अशी नाना वंशांची आणि नाना भाषांची. रेशनच्या दिवसांत, लोहाराच्या कमाईवर. पंधरा! एका घरात पंधरा ताटं, पंधरा अंथरुणं, पंधरा जणांची आजारपणं. पहिलं मूल आणताना माणूस भावनेच्या भरात आणतो, असं समजू. पण आठवं? अकरावं? तोपर्यंत घरातलं पीठ किती पुरतं, कुणाच्या पायात बूट नाहीत, कोण रात्री दचकून उठतं, हे सगळं पुरतं कळलेलं असतं. तरीही माणूस पुन्हा जातो आणि आणखी एकाचा हात धरून येतो. मला त्या दुसऱ्या-तिसऱ्या खेपेचं फार वाटतं. चांगुलपणाची खरी कसोटी तिथे आहे.

या कुटुंबाच्या हकिकतीवरून रहमत फैझी यांनी पटकथा लिहिली आणि शुहरत अब्बासोव यांनी १९६२ साली चित्रपट केला. नाव कवितेचंच, ‘तू अनाथ नाहीस’. हा बालचित्रपट म्हणून काढलेला नव्हता, पण मुलांनी इतका भरलेला चित्रपट मुलांचाच म्हणायचा. काळा-पांढरा, संथ. लोहाराचं काम ओबिद जलीलोव यांनी केलं आहे, आणि आईचं लुत्फी सारीमसाकोवा यांनी.

लुत्फीबाईंबद्दल दोन शब्द जास्त लिहिते. जन्म १८९६चा, म्हणजे या चित्रपटाच्या वेळी त्या पासष्टी ओलांडलेल्या. बायकांनी चेहरा झाकूनच बाहेर पडायचं, अशा समाजात त्या वाढल्या आणि त्याच समाजातून नाट्यगृहाच्या मंचावर आल्या. तो काळ असा, की उघड्या तोंडानं मंचावर उभं राहणाऱ्या उझबेक बाईच्या जिवालाही धोका असे. उझबेक सिनेमानं पुढे त्यांना आई केलं आणि आईच ठेवलं. त्यांच्या अभिनयात मला आवडतं ते हे, की त्या मुलांना सारख्या कवटाळत नाहीत. त्यांची माया हाताच्या कामातून येते. पोर दारात उभं राहिलं की प्रश्न ‘तू कोण, कुठला’ असा नसतो, ‘जेवलास का’ असा असतो. आपल्याकडच्या जुन्या घरांतल्या आज्या अशाच वागायच्या. मायेचे शब्द उच्चारायला त्यांना संकोच वाटे, पण ताटात वाढताना हात कधी आखडत नसे. ज्यानं अशा आजीच्या हातचं खाल्लं आहे, त्याला लुत्फीबाईंचं प्रत्येक दृश्य सबटायटलांशिवाय कळेल.

अब्बासोवांनी यानंतर सहा वर्षांनी, १९६८ साली, आणखी एका मुलावर चित्रपट केला, आणि तो माझ्या मते त्यांचा सर्वांत अवघड चित्रपट आहे. ‘ताश्कंद, भाकरीचं शहर’. मूळ लघुकादंबरी रशियन लेखक अलेक्सांद्र नेव्हेरोव यांची, १९२३ सालची. पटकथा आंद्रेई कोंचालोव्हस्की यांची. १९२१चा व्होल्गाकाठचा दुष्काळ, ज्यात सुमारे ५० लाख माणसं गेली. बुझुलुक परगण्यातला बारा वर्षांचा मिश्का. आजोबा गेले, आजी गेली, वडील गेले. घरात आई आणि दोन धाकटे भाऊ. कुणीतरी सांगतं, की लांब दक्षिणेला ताश्कंद नावाचं गाव आहे, तिथे भाकरी आहे, धान्य आहे. मिश्का मित्राला बरोबर घेतो आणि निघतो. तिकीट नाही, परवाना नाही. डब्यांच्या टपावर, दोन डब्यांच्या मधे, लाथा खात. वाटेत मित्र आजारी पडतो आणि इस्पितळात मरतो. मिश्का पोहोचतो, राबतो, धान्य कमावतो, परत जातो. घरी आई तेवढी उरलेली असते, धाकटे दोघं नसतात. आणि तरी तो पेरणीचा विचार करतो. नेव्हेरोव स्वतः त्या दुष्काळात समारा भागातून ताश्कंदपर्यंत जाऊन आले होते. त्यांनी मुलाच्या डोळ्यांनी लिहिलं, पण मुलासाठी गोड करून लिहिलं नाही. पुस्तक आलं त्याच वर्षाच्या अखेरीस ते वारले.

नकाशा उघडून बसलं की या सगळ्या गोष्टी एकाच रेघेवर येतात. ओरेनबर्ग ते ताश्कंद हा लोहमार्ग झारच्या काळात, १९०६ साली सुरू झाला. १९२१ साली भुकेले मिश्का या मार्गानं दक्षिणेला आले. १९४१-४२ साली लोहाराची मुलं याच बाजूनं आली. आणि त्याच हिवाळ्यात आणखी काही मुलं आली, ज्यांच्या गोष्टीचं शेवटचं स्टेशन आमच्या कोल्हापूरजवळ आहे.

माझं माहेर कोल्हापूरचं. लग्नाचा बस्ता बांधायचा तो गांधीनगरला, ही आमच्याकडची रीत. मावशीच्या लग्नात मी तिथल्या दुकानांच्या गाद्यांवर बसून दिवसभर साड्यांच्या घड्या उलगडताना पाहिल्या आहेत. दुकानदार सिंधी, फाळणीनंतर इथे वसवलेले. पण त्यांच्या आधी त्याच जागेवर, वळिवडे कॅम्पात, १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५ हजार पोलिश माणसं राहत होती. बहुतेक बायका आणि मुलं. त्यांची शाळा होती, चर्च होतं, अनाथ मुलांसाठी वेगळी व्यवस्था होती. कोल्हापुरात महावीर उद्यानात त्यांच्या आठवणीचा स्तंभ आहे.

ही माणसं आली कुठून? १९४०-४१ साली सोव्हिएत सरकारनं पूर्व पोलंडमधून लाखो लोकांना उचलून सैबेरिया आणि कझाकस्तानकडे हद्दपार केलं होतं. जर्मनीनं हल्ला केल्यावर राजकारण फिरलं, या लोकांची सुटका झाली आणि जनरल अँडर्स यांचं पोलिश सैन्य उभं राहू लागलं. त्याचं पहिलं मुख्यालय बुझुलुकला होतं. हो, मिश्काच्या बुझुलुकला. १९४२च्या आरंभी ते ताश्कंदजवळच्या यांगीयूलला हललं, आणि त्याच्यामागे उपाशी, टायफसनं खंगलेली कुटुंबं उझबेकिस्तानात उतरली. कित्येकांना तिथलीच माती मिळाली. उरलेल्या मुलांतली काही अश्गाबादहून ट्रकनं इराणमार्गे हिंदुस्थानात आणली गेली. पहिल्या तुकडीतली मुलं आधी मुंबईत, वांद्र्याला होती. मग काठियावाडातल्या नवानगर संस्थानाचे राजे, जामसाहेब दिग्विजयसिंह यांनी समुद्रकाठच्या बालाचडीला त्यांच्यासाठी घर उभारलं. मुलांना भेटल्यावर ते म्हणाले, की स्वतःला अनाथ समजू नका, तुम्ही आता नवानगरचे आहात, आणि इथल्या सगळ्यांचा मी बापू, म्हणजे तुमचाही. त्या मुलांनी म्हातारपणी ही आठवण पुन्हा पुन्हा सांगितली आहे.

१९४२ सालचंच हे. ताश्कंदमध्ये एका कवीनं लिहिलं, काठियावाडात एका राजानं म्हटलं. दोघांना एकमेकांची गंधवार्ता असणं शक्य नाही. एकाच गाडीखालून सुटलेली मुलं, काही लोहाराच्या अंगणात गेली, काही समुद्रकाठी, काही पंचगंगेच्या खोऱ्यात. हे कळल्यापासून मला लोहाराचं घर परदेशातलं वाटत नाही.

पण इथे एक गोष्ट टोचते, आणि ती बाजूला सारून या चित्रपटांवर प्रेम करता येणार नाही. पोलिश मुलांना घरातून उपटणारं सरकार आणि ‘तू अनाथ नाहीस’ला पैसे पुरवणारं सरकार एकच होतं. १९३७ साली त्यानं अतिपूर्वेतल्या सुमारे पावणेदोन लाख कोरियन लोकांना उचलून कझाकस्तान-उझबेकिस्तानात आणून टाकलं. १९४४च्या मे महिन्यात क्रिमियन तातारांना गाड्यांत कोंडलं. सुमारे १ लाख ९० हजार माणसं, त्यांतली बहुतेक उझबेकिस्तानात. त्यांची मुलंही त्याच स्टेशनांवर उतरली. त्यांच्यासाठी त्या काळात चित्रपट निघाला नाही, त्यांचं नावही घ्यायची सोय नव्हती. ‘राष्ट्रांची मैत्री’ हे सोव्हिएत घोषवाक्य त्या लोहाराच्या कुटुंबावर लावणं सरकारला फार सोयीचं होतं, आणि त्यांनी ते लावलं.

मी यावर बराच विचार केला आहे. माझं मत असं झालं, की घोषणा सरकारची असली तरी भाकरी लोहाराची होती. ती त्यानं कुणाच्या हुकमावरून अर्धी केली नव्हती. सरकारनं नंतर त्याच्या घरावर आपली पाटी लावली, म्हणून घर सरकारचं होत नाही. अब्बासोवांना हे ठाऊक असावं, असं मला त्यांचा चित्रपट पाहताना वाटतं. त्यांचा कॅमेरा अंगणात रमतो, जेवणात रमतो, पोरांच्या भांडणात रमतो. मोठ्या गोष्टी बोलायची वेळ आली की चित्रपट जरा ताठरतो, पोर काही मागू लागलं की पुन्हा मोकळा होतो.

त्या कुटुंबाचं शिल्पही ताश्कंदमध्ये आहे. शिल्पकार द्मित्री र्याबिचेव, साल १९८२. मध्ये लोहार, शेजारी बायको, भोवती मुलं. देश स्वतंत्र झाला, जुन्या खुणा पुसायचा काळ आला, आणि २००८ साली हे शिल्प शहराच्या मध्यातून उचलून कडेला नेऊन ठेवलं. लोकांना ते रुचलं नव्हतं. दहा वर्षांनी, २०१८ साली, ते पुन्हा आपल्या जागी आलं. सरकारं बदलली, पाट्या बदलल्या, पंधरा मुलांचं ते घर मात्र ताश्कंदकरांनी आपलं मानलं होतं.

ताश्कंद म्हटलं की आपल्याला १९६६चा जानेवारी आठवतो, करार आणि शास्त्रीजी. त्या शहरासाठी ते वर्ष आणखी पुष्कळ काही घेऊन आलं. २६ एप्रिलच्या पहाटे, सव्वापाच उलटून गेल्यावर, शहराच्या पोटातच भूकंप झाला. मातीच्या भिंतींची जुनी घरं बसली, ३ लाखांहून अधिक लोक उघड्यावर आले. पुढच्या वर्षांत नवं ताश्कंद उभं राहिलं, रुंद रस्त्यांचं, उंच इमारतींचं. गफूर गुलाम त्याच वर्षी १० जुलैला गेले. ‘शुम बोला’ चित्रपट झाला तेव्हा त्याचा लेखक हयात नव्हता, आणि ज्या गल्ल्यांतून ते पोर पळालं त्यांतल्या कितीतरी जमीनदोस्त झाल्या होत्या. त्यामुळे चित्रपटातल्या मातीच्या भिंती, लाकडी दारं, अंगणातला बसायचा चौथरा, हे सगळं मी फार बारकाईनं पाहते. १९७७ साली थिएटरात बसलेल्या म्हाताऱ्या ताश्कंदकरांना ते काय वाटलं असेल! पोरं हसत असतील तेव्हा त्यांचे आजोबा भिंतींकडे बघत असतील.

हे तिन्ही चित्रपट इंटरनेटवर शोधले तर सापडतात. प्रत ‘शुम बोला’ची बरी मिळाली, बाकीच्या दोन्हींचा आवाज ठिकठिकाणी खरखरतो. मुलांना दाखवायचे असतील तर सुरुवात वांड पोरापासून करावी. सातआठ वर्षांचं मूलही तो आनंदानं बघेल; चाकूच्या मुठीचा प्रसंग आला की मात्र वाचून दाखवणं थांबवावं, हसू चेहऱ्यांवरून आपोआप पोहोचतं. लोहाराचा चित्रपट मुलं जरा मोठी झाल्यावर, आणि शक्यतो आजीआजोबा घरी असतील तेव्हा. आमच्याकडे तो लावला तेव्हा माझ्या सासूबाई शेवटपर्यंत बसून होत्या आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला, की त्या बाईला इतक्या पोरांचे कपडे धुवायला कोण मदत करत होतं. भाच्यानं लगेच उत्तर दिलं, मोठी पोरं करत असणार. मिश्काचा चित्रपट एकट्या मुलाला लावून देऊ नये. बारा वर्षांच्या आत तर नाहीच. त्यात मित्र मरतो, आणि तो पडद्यावरच्या मरणांसारखा मरत नाही. शेजारी मोठं माणूस हवं, आणि पोरानं मध्येच थांबवून काही विचारलं तर चित्रपट पुढे ढकलायची घाई नको.